अल्बानियाच्या ध्वजावर गरुड टिकला, बाकी सारे उतरले

लाल कापडावर काळा द्विमुखी गरुड, एवढाच अल्बानियाचा ध्वज. 1443 साली ऑटोमन (तुर्की) सैन्य सोडून आपल्या क्रुया या गावी परतलेल्या स्कंदरबेग या अल्बेनियन वीराच्या कास्त्रिओती घराण्याचे हे चिन्ह. मुस्लिम बे (सरदार) घराण्यातल्या इस्माईल कमालींनी 28 नोव्हेंबर 1912 रोजी व्ल्योरा येथे स्वातंत्र्य जाहीर करताना तोच गरुड फडकवला. तो ध्वज मारिगो पोसिओ या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती स्त्रीने भरतकाम करून तयार केला, असे तिथे परंपरेने सांगितले जाते. ख्रिस्ती वीराचे चिन्ह, मुस्लिम नेत्याचा हात आणि ऑर्थोडॉक्स स्त्रीची सुई! मुस्लिम, ऑर्थोडॉक्स, कॅथलिक आणि बेक्ताशी (एक सूफी पंथ) अशा चार वाटांनी जाणाऱ्या समाजाला एकत्र बांधण्यासाठी याहून समर्पक प्रतीक सापडणे कठीण होते, असे मला मनापासून वाटते. त्यांचे राष्ट्रगीतसुद्धा ध्वजालाच उद्देशून लिहिलेले आहे.

पुढे मात्र प्रत्येक सत्ताधीशाला या गरुडाजवळ आपली खूण उमटवावीशी वाटली. राजा झोगने त्याच्या डोक्यावर स्कंदरबेगचे शिरस्त्राण चढवले, 1939 मध्ये देशाचा ताबा घेतल्यावर इटलीने त्याच्या दोन्ही बाजूंना फॅसिस्ट दंड (काठ्यांच्या जुडीत बांधलेली कुऱ्हाड) उभे केले, आणि 1946 मध्ये कम्युनिस्ट राजवटीने त्याच्या माथ्यावर सोनेरी कडेचा तारा ठेवला. 1992 मध्ये तो तारा उतरला आणि गरुड पुन्हा एकटा राहिला. राज्यकर्त्यांनी जोडलेले सगळे गळून पडले, कारण लोकांनी ते कधी आपले मानलेच नाही. बहुसंख्य अल्बेनियन वस्तीच्या शेजारच्या कोसोवोने 2008 मध्ये निळा, गरुडाविना ध्वज स्वीकारला, तरी तिथल्या अल्बेनियन कुटुंबांच्या लग्नाच्या वरातीत लाल ध्वजच दिसतो. हे प्रेम कोणत्याही सरकारी आदेशातून आलेले नाही.

म्हणूनच ऑक्टोबर 2014 मध्ये बेलग्रेडला सर्बियाविरुद्धच्या फुटबॉल सामन्यावर ड्रोनने जो फलक आणला गेला, त्याचे समर्थन मी करू शकत नाही. त्यावर गरुडाबरोबर 'बृहद् अल्बानिया'चा नकाशा होता. सर्बियाच्या एका खेळाडूने तो खाली ओढला, अल्बेनियन खेळाडू त्याच्यावर धावून गेले, प्रेक्षक मैदानात घुसले आणि सामना बंद पडला. खेळाडूंचा संताप मी समजू शकतो. पण शेजाऱ्याची भूमी आपली म्हणून दाखवणारा तो नकाशा, माझ्या मते, शिरस्त्राण, दंड आणि तारा यांच्याच रांगेतला आहे.