रोझा पार्क्स यांचा खटला सुप्रीम कोर्टात गेलाच नव्हता

दर डिसेंबरात एक पोस्ट फिरते: रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय महिला बसमध्ये गोऱ्यांच्या सीटवर बसल्या, अटक झाली, खटला सुप्रीम कोर्टात जिंकल्या आणि अमेरिकेतल्या सगळ्या बसमधला वर्णभेद संपला. यातली अटक तेवढी खरी.

आधी सीट. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहराच्या ३६ सीटच्या बसमध्ये पुढच्या १० गोऱ्यांच्या, मागच्या १० कृष्णवर्णीयांच्या आणि मधल्या १६ ड्रायव्हर ठरवेल तशा. पार्क्स या मधल्या भागात बसल्या होत्या. एक गोरा प्रवासी उभा राहिला म्हणून ड्रायव्हरने त्या रांगेतल्या चौघांना उठवलं. एका रांगेत दोन्ही वर्णांनी बसणं चालत नसे. तिघे उठले, पार्क्स उठल्या नाहीत.

आता खटला. ५ डिसेंबर १९५५ला पार्क्स यांना १० डॉलर दंड आणि ४ डॉलर कोर्टखर्च झाला. अपील अलाबामाच्याच कोर्टात रेंगाळलं आणि १९५७मध्ये शिक्षा कायम राहिली. ही अडचण वकील फ्रेड ग्रे यांनी आधीच ओळखली होती: फौजदारी अपील एखाद्या तांत्रिक मुद्द्यावर निकालात निघालं, तर मूळ कायद्याला हातही लागत नाही. म्हणून १ फेब्रुवारी १९५६ला त्यांनी फेडरल कोर्टात वेगळा दिवाणी दावा लावला, ‘ब्राउडर विरुद्ध गेल’, आणि पार्क्स यांना मुद्दाम बाहेर ठेवलं. राज्याच्या कायद्याविरुद्ध मनाई हुकूम मागितला की तेव्हा तीन न्यायाधीशांचं पीठ बसे आणि तिथून अपील थेट सुप्रीम कोर्टात जाई. ५ जूनला बसमधला वर्णभेद घटनाबाह्य, असा २ विरुद्ध १ निकाल लागला. १३ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टाने तो कायम केला. हुकूम २० डिसेंबरला शहरात पोचला आणि दुसऱ्या दिवशी बस सर्वांना खुल्या झाल्या.

हा दावा जिंकला तो ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडॉनल्ड, क्लॉडेट कोल्विन आणि मेरी लुईस स्मिथ या चौघींनी. कोल्विनला पार्क्स यांच्या नऊ महिने आधी अटक झाली, तेव्हा ती १५ वर्षांची होती. पोस्टमध्ये यांच्यापैकी एकीचंही नाव नसतं, हे आम्हाला सर्वांत जास्त खटकतं.

‘सगळ्या बस’ हेही खरं नाही. ब्राउडर निकाल अलाबामा आणि माँटगोमेरीच्या कायद्यांपुरता होता. आंतरराज्य बसचा निकाल त्याआधीच, १९४६मध्ये, आयरीन मॉर्गन यांच्या खटल्यात लागला होता, पण तो समानतेच्या नव्हे, आंतरराज्य व्यापाराच्या कलमावर. बसस्थानकातल्या उपाहारगृहांचा प्रश्न १९६०च्या बॉयंटन खटल्यात सुटला. दक्षिणेत अंमलबजावणी मात्र झालीच नाही; हे निकाल पाळले जातात का हे पाहायला गोरे-कृष्णवर्णीय मिळून आंतरराज्य बसने निघालेल्या कार्यकर्त्यांनी, म्हणजे फ्रीडम रायडर्सनी, मार खाल्ल्यावर आंतरराज्य वाणिज्य आयोगाने नियम काढला. १ नोव्हेंबर १९६१पासून तो लागू झाला आणि या बसमध्ये बसताना वंश, वर्ण पाहिला जात नाही, अशी पाटी आंतरराज्य बसमध्ये लावावी लागली.