बाहेरून आल्यावर कपडे बदला. धुवायचे की नाही, ते वेगळं ठरवा

नमस्कार,

तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. बाहेर घातलेला प्रत्येक कपडा एका वापरानंतर धुवायलाच हवा असं नाही, हे माझं म्हणणं तुम्हाला पटलेलं नाही. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: बस-ट्रेनच्या सीटवर किंवा दवाखान्याच्या बाकावर आपल्या आधी कोण बसून गेलं ते कळत नाही, वास घेऊन ठरवायचा सल्ला कुचकामी आहे, कारण स्वतःच्या घामाचा वास स्वतःला येत नाही, आणि मशीन व डिटर्जंट हाताशी असताना कपडे न धुणं म्हणजे आळसाला शास्त्राचा मुलामा देणं. यातला दुसरा आक्षेप मला बराचसा मान्य आहे, पहिला अर्धा मान्य आहे आणि तिसरा अजिबात मान्य नाही.

सीटपासून सुरुवात करतो. बाहेरून आल्यावर कपडे बदलावेत का, हा एक प्रश्न आणि बदललेले कपडे धुवावेत का, हा दुसरा. तुमच्या प्रतिक्रियेत हे दोन्ही एक झाले आहेत. पहिल्याला माझं उत्तर निःसंशय ‘हो’ आहे. रस्त्यावरची धूळ, धूर, परागकण, सीटला चिकटलेले केस हे सगळं उशी-पांघरुणापर्यंत नेण्याचं काहीच कारण नाही. पण कोरड्या कापडावर जिवाणूंची संख्या सहसा वाढत नाही. वाढायला ओलावा लागतो. सर्दी-फ्लूसारखे श्वसनमार्गाचे विषाणू स्टील किंवा प्लास्टिकच्या तुलनेत सुती कापडावर लवकर निकामी होतात. काही जिवाणू, उदाहरणार्थ स्टॅफिलोकॉकस, कोरड्या कापडावरही बरेच दिवस तग धरतात, हे खरं. मात्र पँटच्या मागच्या बाजूला ते टिकून राहणं आणि तिथून तुमच्या नाकातोंडात पोहोचणं यात मोठं अंतर आहे, आणि ते अंतर बहुतेक वेळा हातच पार करून देतात. सीटपेक्षा बसमधल्या दांड्याची काळजी जास्त करायला हवी. घरी आल्यावर आधी साबणाने हात धुवा, मग कपडे बदला, आणि ते दुमडून किंवा खुर्चीवर ढीग करून न ठेवता उलटे करून हँगरला लावा. दोन कपड्यांत चार बोटांचं अंतर असावं, हवा खेळती असावी आणि किमान एक रात्र ते तसेच राहावेत. एकदा घातलेला कपडा धुतलेल्या कपड्यांच्या कपाटात जाऊ नये. त्याला वेगळी खुंटी हवी.

आता माझा मूळ मुद्दा. रोजच्या कपड्याला जी घाण लागते, तिचा मोठा भाग बाहेरून नाही, आपल्या अंगातून येतो. घाम, त्वचेचं तेल आणि झडलेली मृत त्वचा. ताज्या घामाला जवळपास वास नसतो. काखेतल्या ग्रंथींचा स्राव तिथले जिवाणू फोडतात, तेव्हा वास सुटतो. म्हणूनच कपडा कुठे फिरून आला यापेक्षा तो कुठे चिकटला होता, किती वेळ, आणि कोणत्या धाग्याचा आहे, हे आधी बघावं.

धाग्याचा फरक लोकांना वाटतो त्याहून खूप मोठा आहे. सर्वसाधारण हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे 8 टक्के ओलावा धरतो, लोकर 16 टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. पॉलिस्टर पाणी नाकारतं पण तेल मात्र पकडून ठेवतं, आणि वासाचे बरेच रेणू तेलकट वर्गातलेच असतात. बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाने 2014 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात 26 जणांनी व्यायामाच्या सायकलवर घाम गाळला आणि त्यांचे टी-शर्ट नंतर तपासले. पॉलिस्टरचे टी-शर्ट सुतीपेक्षा स्पष्टपणे जास्त दुर्गंधी देत होते, आणि मायक्रोकॉकस गटातले जिवाणू पॉलिस्टरवर विशेष फोफावलेले आढळले. लोकरीचं उलटं आहे: ती वासाचे रेणू आत धरून ठेवते, सहजी बाहेर सोडत नाही. त्यामुळे एकाच माणसाने एकाच दिवशी घातलेला पॉलिस्टरचा टी-शर्ट संध्याकाळी धुवायला टाकावा लागतो, आणि आत सुती शर्ट घालून वर चढवलेला लोकरीचा स्वेटर सहा-सात वेळा वापरता येतो. दोघांना एकच नियम लावणं चूक आहे.

वासाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, नाक सवयीने बधिर होतं. अंगातून काढल्या काढल्या घेतलेला वास काहीच सांगत नाही. कपडा रात्रभर टांगून ठेवा, सकाळी बाहेरच्या हवेत पाच-दहा मिनिटं जाऊन या, आणि मग फक्त काखेची शिवण आतल्या बाजूने हुंगा. पॉलिस्टर असेल तर ती जागा कोमट पाण्याच्या दोन-चार थेंबांनी ओली करून मग हुंगा. थंड आणि कोरडा असताना निर्दोष वाटणारा शर्ट अंगाची ऊब आणि थोडा दमटपणा मिळताच घामट वास सोडतो. ऑफिसला पोहोचल्यावर तासाभरात वास यायला लागतो, त्याचं कारण बहुधा हेच. कॉलरसाठी नाकाची गरजच नाही. पांढरा ओला रुमाल कॉलरच्या आतल्या घडीवर एकदा दाबून फिरवा. पिवळट-करडा पट्टा उमटला, तर तेल बसलेलं आहे आणि शर्ट आजच धुवायचा. तेलाचा हा थर हवेने हळूहळू पिवळा आणि घट्ट होत जातो. आठवड्याने तो नुसत्या डिटर्जंटने निघत नाही.

तुम्ही आकडे मागितलेत. अंतर्वस्त्रं, मोजे, व्यायामाचे कपडे आणि काखेला थेट चिकटणारे टी-शर्ट हे एका वापरानंतर धुवायचे. यात सूट नाही. ब्रा दोन-तीन वापरांनंतर, मधे एक दिवस विश्रांती देऊन. आत बनियन असेल आणि दिवस सावलीत गेला असेल, तर सुती शर्ट दोनदा. साधी पँट तीन ते पाच वेळा, जाड जीन्स सहा ते दहा वेळा, कोट-जॅकेट हंगामात एक-दोनदा. तब्येत, हवामान आणि कामाप्रमाणे हे खाली-वर होणारच. उन्हात दिवसभर उभं राहून काम करणाऱ्याला यातला एकही मोठा आकडा लागू नाही.

जीन्सवरून तुम्ही जास्त नाराज दिसलात. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने 15 महिने न धुता एकच जीन्स वापरली. 2011 मध्ये तिची तपासणी झाली. मग ती धुऊन 13 दिवस वापरली आणि पुन्हा तपासली. जिवाणूंच्या संख्येत फारसा फरक नव्हता, आणि जे होते ते मुख्यतः माणसाच्या त्वचेवरचे नेहमीचे रहिवासी होते. हा एकाच माणसाचा प्रयोग आहे. त्यावरून 15 महिने जीन्स धुऊ नका असा सल्ला मी देत नाही, देणारही नाही. पण दोन आठवड्यांनी धुतलेली जीन्स म्हणजे आरोग्याला धोका, हे त्यातून सिद्ध होत नाही, एवढं नक्की. जीन्स फ्रीझरमध्ये ठेवून निर्जंतुक होते हा समज मात्र सोडून द्या. बहुतेक जिवाणू त्या थंडीत मरत नाहीत, नुसते स्तब्ध होतात.

तिसरा आक्षेप मला मान्य नाही, कारण धुण्याची किंमत असते आणि ती कपडा मोजतो. मशीनच्या ड्रममध्ये कापड कापडावर घासतं, धागे तुटतात, गोळे येतात. इंडिगोचा रंग धाग्याच्या बाहेरच्या थरावरच बसलेला असतो, म्हणून घर्षण होईल तिथे जीन्स आधी पांढरी पडते. इलॅस्टिकचा धागा गरम पाण्याने आणि ड्रायरच्या उष्णतेने ताण गमावतो. तुटलेले धागे पाण्याबरोबर जातात ते वेगळंच: ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या 2016 च्या अभ्यासानुसार अ‍ॅक्रिलिकच्या 6 किलो कपड्यांच्या एका धुण्यातून 7 लाखांहून अधिक सूक्ष्म तंतू सुटू शकतात. गरज असताना ही किंमत मोजावीच. गरज नसताना कशासाठी?

आता तुमचा पहिला आक्षेप जिथे पूर्ण बरोबर आहे ते प्रसंग. रुग्णाजवळ बराच वेळ बसून आलात, विशेषतः उलट्या-जुलाबाच्या रुग्णाजवळ, तर कपडे न झटकता थेट मशीनमध्ये टाका आणि कापडाला सोसत असेल तर 60 अंशांवर धुवा. कीटकनाशक, शिसं, अ‍ॅस्बेस्टॉस यांच्याशी काम असेल तर ते कपडे घरच्या धुण्यात कधीच मिसळू नयेत. शक्यतो कामाच्या जागीच बदलावेत. परागकणांची अ‍ॅलर्जी असेल तर त्या हंगामात बाहेरचा कपडा झोपायच्या खोलीत आणूच नका आणि बाहेर दोरीवर वाळवूही नका. गवता-झाडीतून आल्यावर गोचीड असल्याची शंका असेल, तर कोरडे कपडे आधी ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर 10 मिनिटं फिरवा आणि मग धुवा. गोचीड थंड किंवा कोमट पाण्याने मरत नाही, कोरड्या उष्णतेने मरते. ढेकणांची शंका असेल तर 60 अंशांचं धुणं, नंतर गरम ड्रायर. पावसात भिजलेला कपडा ‘आज फक्त दोन तास घातला होता’ म्हणून टांगून ठेवू नये. तो धुवायचाच.

आणि एक गोष्ट, जी तुमच्या प्रतिक्रियेत नाही पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रोज धुऊनही कपड्यांना वास येतो अशी तक्रार फार जणांची असते, आणि तिथे दोष बहुधा धुण्याच्या पद्धतीत असतो. थंड पाणी, पंधरा मिनिटांचा झटपट प्रोग्राम आणि खच्चून भरलेला ड्रम, असं एकत्र आलं की काखेतलं तेल निघत नाही, वर फक्त सुगंध चढतो. ड्रम भरल्यावर कपड्यांवर उभा तळहात आत जाईल इतकी जागा राहिली पाहिजे. डिटर्जंट जास्त घातल्याने कपडा जास्त स्वच्छ होत नाही. फेस कपड्यांचं घासणं मंदावतो, विसळताना पूर्ण निघत नाही, आणि उरलेला थर पुढची घाण धरून ठेवतो. पाणी जड असेल तर मात्र पुड्यावरचं जड पाण्यासाठीचं प्रमाण पाळा. फॅब्रिक सॉफ्टनर खेळाच्या कपड्यांना आणि टॉवेलना अजिबात नको, कारण तो धाग्यावर थर चढवतो आणि ओलावा शोषू देत नाही.

जुनाट वास बसलेला पॉलिस्टरचा शर्ट असेल तर तो उलटा करा. 5 लिटर साधारण 40 अंशांच्या पाण्यात 2 मोठे चमचे सोडियम परकार्बोनेट (क्लोरीन नसलेली, ऑक्सिजन सोडणारी ब्लीचची पूड) पूर्ण विरघळवा, शर्ट तासभर बुडवून ठेवा आणि मग नेहमीसारखा धुवा. लोकर आणि रेशमाला हे चालत नाही. प्रथिनं फोडणारं एन्झाइमयुक्त डिटर्जंटही चालत नाही, कारण तो धागाच प्रथिनाचा असतो. काखेतल्या पिवळ्या डागांवर क्लोरीनचं ब्लीच ओतू नका, त्याने डाग बहुधा आणखी पिवळा होतो. ब्लीच आणि व्हिनेगर तर कधीच एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो.

वाळवण्यातही चूक होते. धुणं संपल्यावर कपडे तासन्‌तास मशीनमध्ये राहिले किंवा दाटीवाटीने दोरीवर टाकले, की कुबट वास येतो. या वासाचा एक मोठा कारणीभूत जिवाणू म्हणजे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. तो वाळण्याला आणि उन्हालाही दाद देत नाही, त्यामुळे एकदा कुबटलेला टॉवेल नुसता उन्हात टाकून सुधारत नाही. तो 60 अंशांवर पुन्हा धुवावा लागतो, आणि मग पंख्याखाली, दोन कपड्यांत हात जाईल एवढी जागा सोडून, लवकर वाळवावा लागतो.

शेवटी तुम्ही विचारलंय की मुलांच्या शाळेच्या गणवेशाचं काय करावं. शर्ट रोज धुवा, कारण तो काखेला, मानेला आणि सांडलवंडीला रोज तोंड देतो. पँट किंवा स्कर्ट डाग नसेल तर दोन-तीन दिवस चालेल. गुडघ्याचा चिखल मात्र ओला असताना घासू नका, पूर्ण वाळू द्या, झटका आणि मग धुवा. स्वेटर आत शर्ट असल्याने आठवड्याने धुतला तरी पुरतो, पण हंगाम संपला की कपाटात जाण्याआधी तो नक्की धुतलेला असावा, कारण कपडे खाणारी कसर घामाचा आणि अन्नाचा डाग असलेल्या लोकरीवरच आधी तुटून पडते.