रिंकू सिंगचं बेसबॉल म्हणजे नुसती पब्लिसिटी नव्हती

एक मेसेज फिरतोय सगळीकडे, की यूपीचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही दोन क्रिकेट खेळणारी पोरं टीव्ही शो जिंकून थेट मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळली, अमेरिकन टीमला फक्त पब्लिसिटी पाहिजे होती, ती मिळाल्यावर दोघांना हाकललं. (केकेआरचा रिंकू वेगळा हं, मेसेजखाली लोकांनी त्याचे फोटो टाकलेत.)

पहिलं म्हणजे क्रिकेट कुठून आलं? दोघंही भालाफेकवाले. 2008 च्या मिलियन डॉलर आर्म स्पर्धेत (हाच तो टीव्ही शो, जोरात बॉल टाकायचा) रिंकूनं ताशी 87 मैल, म्हणजे जवळपास 140 किलोमीटरनं बॉल टाकला आणि 1 लाख डॉलर जिंकले.

"थेट मेजर लीग" हे तर साफ खोटं. पिट्सबर्ग पायरेट्स ह्या मेजर लीगच्या टीमनं नोव्हेंबर 2008 मध्ये दोघांना साइन केलं हे खरंय, पण साइन केलं म्हणून लगेच मेन टीममध्ये घेत नाहीत, आधी मायनर लीग असते, रूकी मग सिंगल ए, डबल ए, ट्रिपल ए असं एकेक चढत जायचं. रिंकू 2009 ला रूकीत लागला आणि सिंगल ए पर्यंत पोचला. मेजरची एकही मॅच नाही.

आता पब्लिसिटी, ह्याचाच मला जास्त राग येतो. पहिल्या वर्षी मार खाल्ला त्यानं, ईआरए 5.84, म्हणजे दर नऊ इनिंगला जवळजवळ सहा रन त्याच्या खात्यावर. तरी खेळत राहिला, मधल्या थंडीत ऑस्ट्रेलियात कॅनबेराकडून पण खेळून आला, आणि 2012 ला वेस्ट व्हर्जिनिया पॉवर ह्या सिंगल ए टीमकडून 39 मॅच, 72 इनिंग बॉल टाकला, 65 स्ट्राइकआउट (म्हणजे बॅटरला तीन स्ट्राइकमध्ये बाद करणं), ईआरए बरोबर 3.00! एकोणीस वर्षांचा होईपर्यंत ज्यानं हा खेळ खेळलाच नव्हता त्याचे आकडे आहेत हे. कॅमेऱ्यासाठी ठेवलेल्या माणसाला कोणता कोच 72 इनिंग टाकायला देईल? आणि दोघांवरचा सिनेमा आला 2014 ला, हे सगळं होऊन गेल्यावर.

"हाकललं" हे दिनेशबद्दल म्हणा हवं तर, त्याला 2010 नंतर सोडलं. रिंकूचं तसं नाही, त्याला दुखापतींनी गाठलं, कोपराची टॉमी जॉन सर्जरी करावी लागली, म्हणजे फाटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसरीकडचा टेंडन बसवतात, त्यातून बाहेर यायला पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, वर्षभर तरी लागतंच. कुस्तीवाल्या डब्ल्यूडब्ल्यूईशी त्याचा करार झाला तो थेट 2018 ला.