म्हणे, खाजगी जागेत दिव्यांग पार्किंगचा नियम चालत नाही!

एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. सार असं: मॉल, हॉस्पिटल, ऑफिसचं पार्किंग म्हणजे खाजगी मालमत्ता. तिथे रंगवलेली व्हीलचेअर ही मालकाची विनंती, कायदा नव्हे. पोलीस आत येऊन काही करू शकत नाहीत, दंडाची चिठ्ठी आली तर फाडून टाका. ती जागा तशीही रिकामीच असते, पाच मिनिटं गाडी लावली तर कुणाचं काय जातं? आणि तिथे गाडी लावणारे निम्मेअधिक चांगले चालतेफिरते असतात.

‘खाजगी जागा, मालकाची मर्जी.’ जागा कुणाच्या नावावर आहे यापेक्षा तिथे लोकांचा राबता आहे का, याला कायदा महत्त्व देतो. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सर्वसामान्य लोक वापरतात ती इमारत सरकारी असो की खाजगी, सार्वजनिकच धरली आहे. सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना इमारत सहज वापरता यावी यासाठीचे, नियम पाळले नसतील तर आराखड्याला मंजुरी देऊ नये, पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये, असं कलम 44 सांगतं. हे नियम म्हणजे नुसत्या शिफारशी आहेत, अशी पळवाट बरीच वर्षं चालली. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली: त्यांना शिफारशींचं रूप देणारा नियम 15(1) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम करायला सरकारला तीन महिने दिले. अमेरिकेत 1990 चा एडीए, म्हणजे दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा, खाजगी दुकानं, हॉटेलं, दवाखान्यांनाही लागू आहे. 25 गाड्यांपर्यंतचं पार्किंग असलं तरी निदान एक जागा सुगम्य लागतेच.

फक्त रहिवाशांच्या पार्किंगचा प्रश्न वेगळा, तिथे मेसेजवाल्याला थोडा वाव आहे. पण अमेरिकेच्या घरांविषयीच्या नियमांनी तोही फारसा ठेवलेला नाही. ‘जो आधी येईल त्याची जागा’ अशी पद्धत असलेल्या संकुलात दिव्यांग रहिवाशाला दाराजवळची जागा राखून द्यावी, हे उदाहरणच त्या नियमांत दिलं आहे.

‘पोलीस काही करू शकत नाहीत, चिठ्ठी फाडा.’ कुठल्या देशात, हे मेसेज सांगत नाही. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात रस्त्याबाहेरच्या खाजगी पार्किंगचा स्पष्ट उल्लेख आहे. तिथल्या राखीव जागेत विनापरवाना गाडी लावली तर पावती फाटते, आणि नियमाप्रमाणे फलक असेल तर मालक गाडी उचलायलाही लावू शकतो. टेक्सासमध्ये अशा जागांवर लक्ष ठेवायला स्थानिक प्रशासन स्वयंसेवक नेमू शकतं.

ब्रिटनमध्ये मात्र मेसेज निम्मा खरा आहे. तिथल्या ब्लू बॅजच्या, म्हणजे दिव्यांगांच्या पार्किंग परवान्याच्या, सवलती मुळात रस्त्यावरच्या पार्किंगसाठी आहेत, सुपरमार्केटच्या खाजगी आवारात त्या आपोआप लागू होत नाहीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2012 च्या कायद्याने खाजगी जागेत चाकाला जॅमर लावायलाही बंदी आली. लोकांनी एवढंच वाचलं आणि सुटलो म्हणून मोकळे झाले. त्याच कायद्याने, ठरावीक अटी पाळल्या असतील, तर ड्रायव्हर कोण होता हे कळलं नाही तरी गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडून पैसे मागायची वाट करून दिली, ते वाचायचं राहिलं. 2015 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका खाजगी पार्किंग कंपनीची 85 पौंडांची आकारणी वैध ठरवली. तो खटला जास्त वेळ गाडी ठेवल्याचा होता, राखीव जागेचा नव्हे. पण फलकावर अटी ठळक लिहिल्या असतील तर त्या चिठ्ठीला करार म्हणून वजन असतं, हे त्यातून पक्कं झालं. फाडणाऱ्याने फाडावी, नोटीस घरी येते.

‘रिकामीच असते, पाच मिनिटांनी काय होतं?’ हा मुद्दा सगळ्यात जास्त पटतो आणि सगळ्यात जास्त त्रास देतो. ही जागा दाराजवळ असते हा तिचा एक गुण, खरा गुण रुंदी. आपल्याकडच्या मार्गदर्शक तत्त्वांत ती 3.6 मीटर आहे, म्हणजे गाडी उभी राहूनही बाजूला माणसाला हालचालीपुरती जागा उरते. व्हीलचेअर वापरणारा ड्रायव्हर दार पूर्ण उघडतो, शेजारच्या सीटवरून खुर्चीचा सांगाडा स्वतःच्या अंगावरून बाहेर काढतो, चाकं बसवतो, खुर्ची सीटला भिडवतो आणि हातांच्या जोरावर तिच्यात सरकतो. दार अर्धंच उघडलं तर यातलं काहीच होत नाही. म्हणून साध्या जागा ढीगभर रिकाम्या असल्या तरी त्याच्या उपयोगाच्या नाहीत.

त्यातही शेजारचे तिरके पट्टे लोकांना फुकटची जागा वाटतात. ‘मी राखीव जागेत नाही, बाजूला आहे’ म्हणत तिथे स्कूटर टेकवली जाते. ज्या गाडीतून बाजूला रॅम्प उतरतो, तिचा रॅम्प त्याच पट्ट्यांवर येतो, आणि पुढे खुर्ची वळायलाही जागा लागते. माणूस आत कामाला गेला आणि परत येईपर्यंत पट्ट्यांवर कुणी गाडी लावली, तर स्वतःच्या गाडीत बसता येत नाही. मग कुणा अनोळखी माणसाच्या हातात किल्ली देऊन ‘जरा गाडी मागे घेता का?’ म्हणायचं. पाच मिनिटं ज्याची त्याला पाचच, थांबणाऱ्याला ती किती हे आधी कळत नाही.

‘तिथे उतरणारे तर चालत जातात.’ जातात, वीस पावलं. हृदयविकार, फुप्फुसाचा आजार, कृत्रिम पाय पँटच्या आतून दिसत नाही. इंग्लंडने 30 ऑगस्ट 2019 पासून न दिसणाऱ्या अपंगत्वासाठीही ब्लू बॅजचे निकष खुले केले. परवाना बघावा, चाल नव्हे.

राहता राहिला वॉचमन. त्याला पावती फाडायचा अधिकार नाही हे खरं, आणि मोठ्या गाडीवाल्याशी वाद घातला तर नोकरी त्याचीच जाते. त्याच्यावर डाफरून उपयोग नाही. फलक, पट्टे आणि गाडीचा नंबर एका फोटोत घ्या आणि व्यवस्थापनाला लेखी तक्रार द्या. दाद नाही लागली तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जा. कायदा मोडणाऱ्याला कलम 89 खाली पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी 50,000 ते 5 लाख रुपये दंडाची तरतूद आहे, तेव्हा व्यवस्थापनाला लिहिलेल्या पत्रात या कलमाचा उल्लेख जरूर करा.