कापसाच्या बोळ्याने कान वाचत नाहीत

‘रॉक कॉन्सर्टला कानात कापूस घाला, इअरप्लग घातलात तर गाणंच ऐकू येणार नाही’ असा मेसेज फिरतोय. त्यातल्या दोन्ही गोष्टी चूक आहेत.

कापूस सच्छिद्र असतो, तो आवाज फारच थोडा अडवतो. फोमचा प्लग अडवतो, पण नीट घातला तरच. बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचा. बरेच जण नुसता टेकवतात आणि उपयोग नाही म्हणतात.

फोमने गाणं थोडं दबतं, हे खरं. पण वादक वापरतात ते फिल्टरवाले प्लग सगळे स्वर जवळपास सारखेच खाली आणतात.

कामगारांच्या आरोग्य आणि सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालतो, १०० डेसिबल फक्त १५ मिनिटं. स्पीकरजवळ आवाज १०० सहज ओलांडतो, आणि कार्यक्रम दोन-तीन तासांचा! आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत असेल, तर कृपा करून लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.