दुप्पट झिंक टाकलं म्हणून गव्हात दुप्पट उतरत नाही

आपल्या इंदूरच्या शेतीवाल्या ग्रुपवर फिरतंय की झिंक सल्फेट दुप्पट टाका, गव्हात झिंक दुप्पट होईल. काका, दादा, तसं होत नाही हो, किती घ्यायचं ते झाड ठरवतं. आत झिंक कमी पडलं की बीझिप१९, बीझिप२३ ही प्रोटीन्स झिंक आत घ्यायला लावणारी झिप जीन्स चालू करतात आणि मुळं जास्त ओढतात, पुरेसं झालं की तेच झिंक त्या प्रोटीनला चिकटून सगळं बंद पाडतं, अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात हे नीट सापडलंय आणि गव्हातही तशीच जीन्स आहेत. जास्तीचं झिंक एमटीपी१ नावाचं प्रोटीन पेशीतल्या व्हॅक्यूओलमध्ये, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, कोंडून ठेवतं. त्यात माळव्याची काळी माती अल्कलाइन, झिंक तिथेच अडकतं. म्हणून आधी माती तपासा, झिंक ०.६ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.६ भाग) खाली असेल तरच जमिनीत द्या. दाण्यात वाढवायचंय तर फुलोऱ्यानंतर झिंक सल्फेटची ०.५ टक्क्याची फवारणी जास्त कामाची.