नावलर ख्रिस्ती झाले नव्हते

श्रीलंकेतल्या जाफन्याचे शैव विद्वान आरुमुग नावलर आधी ख्रिस्ती झाले, तमिळमध्ये पहिलं बायबल त्यांनीच लिहिलं आणि नंतर ते शैव धर्मात परतले, असा मजकूर सध्या फिरतोय. ऐकायला गोष्ट झकास आहे, पण खरी नाही.

1822 मध्ये नल्लूरला जन्मलेले नावलर वेस्लियन मिशनच्या शाळेत शिकले, तिथेच शिकवू लागले आणि पीटर पर्सिव्हल या पाद्र्यांना बायबलच्या तमिळ भाषांतरात मदत केली. एवढं खरं. पण धर्म त्यांनी कधीच बदलला नाही, त्यामुळे परतण्याचा प्रश्नच येत नाही. आणि ‘पहिलं’ तर मुळीच नाही: बायबलचा नवा करार तमिळमध्ये तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला 1715 मध्येच छापून झाला होता, म्हणजे नावलरांच्या जन्माआधी शंभरेक वर्षं!

मिशनमध्ये त्यांनी शाळा आणि छापखान्याची ताकद जवळून पाहिली. तीच हत्यारं त्यांनी शैवांसाठी वापरली. 1848 मध्ये जाफन्यातल्या वण्णारपण्णैला शैवप्रकाश विद्यासालै ही शाळा काढली, पुढे 1864 मध्ये तमिळनाडूत चिदंबरमला दुसरी. मुलांसाठी ‘बालपाडम्’ ही क्रमिक पुस्तकं लिहिली, शैव संतांच्या चरित्रांचं पेरियपुराण हे काव्य सोप्या गद्यात आणलं. (जातीच्या बाबतीत मात्र ते कर्मठच होते, हे झाकायचं कारण नाही.)

आणखी एक. ‘नावलर’ हे आडनाव नव्हे. वक्तृत्वासाठी तिरुवावडुतुरैच्या शैव मठाने 1849 मध्ये दिलेली ती पदवी आहे.